भरल्या वांग्याला माफ केलं

वहिनींनी सॅटिसवर भरल्या वांग्याला माफ केलं.

हे वाचून हसू आलं नसेल तर तुमचं काहीच चुकलेलं नाही. (सॅटिस म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरचा बसचा उंच पूल.) हे वाक्य मुळात वाचायचं नाहीचे, ऐकायचंय, तेही बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात, रात्री साडेबाराला, ठाण्यातल्या वाघबीळच्या एका हॉलमध्ये जिथे सहा जण खाली सतरंजीवर बसलेत आणि मधे शेंगदाण्यांची परात आहे. त्या रात्री आमच्यातल्या एकीच्या नाकातून कोकम सरबत आलं होतं. वाक्य कोणाला सुचलेलं वगैरे नव्हतं हां, मी केलेल्या मराठी पत्त्यांच्या खेळातली चार पानं शेजारीशेजारी पडली आणि ते झालं. पण ते आपसूक व्हावं म्हणून मी सातआठ महिने जे काय उद्योग केले ते सांगायला बसलेय.

झालं असं की एकाचा मावसभाऊ अमेरिकेहून आला आणि येताना 'कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी'चा डबा घेऊन आला. शिकागोजवळच्या आठ शाळूसोबत्यांनी थर्टी फर्स्टच्या पार्टीसाठी घरच्याघरी बनवलेला गेम, मग लोकांकडून इंटरनेटवर पैसे गोळा करून २०११ साली त्यांनी तो छापला आणि तुफान खपला. काळ्या पानावर गाळलेली जागा असलेलं वाक्य, हातातल्या पांढऱ्या पानांनी ती भरायची, सगळ्यात वाह्यात उत्तर जिंकतं. आम्ही मोठ्या हौसेने बसलो. अर्ध्या पानांवर तिकडचे कोण कोण नट आणि पुढारी, ज्यांच्यावर हसायला आधी गुगल करावं लागत होतं, आणि उरलेली अर्धी पानं अशी की आतल्या खोलीत काका जागे असताना मोठ्याने वाचायची कोणाची टाप नव्हती. तासाभराने आम्ही मुकाट्याने मेंढीकोट काढला.

आणि तिथे मी बोलून गेले, आपण आपला मराठीत करू की, त्यात काय एवढं. मी ऐरोलीला एका कंपनीत ॲपच्या स्क्रीन डिझाईन करते, त्यामुळे कुठलीही गोष्ट 'त्यात काय एवढं' वाटायची मला सवय आहे.

पहिलं व्हर्जन लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर केलं. (घरात पत्रिकांचा गठ्ठा असतोच, आणि कागद काय जाड असतो!) सरळ नक्कल. एका पानावर 'माझं लग्न मोडलं ते ____ ने', दुसऱ्यावर 'शेजारचा कुत्रा'. आता वाचा. माझं लग्न मोडलं ते शेजारचा कुत्रा ने. मोबाईलवर ते मशीनने भाषांतर केलेले मेसेज येतात ना, 'प्रिय ग्राहक आपला रिचार्ज संपला गेला आहे', तसं डिट्टो. जोक जागच्या जागी मेला. वाचणारा मनातल्या मनात 'शेजारच्या कुत्र्याने' असं दुरुस्त करून वाचायचा आणि त्या अर्ध्या सेकंदात हसायची वेळ टळून गेलेली असायची.

इंग्रजीत शब्द गाळलेल्या जागेत जसाच्या तसा टाकता येतो, कसाही टाका, तो तसाच राहतो. मराठी शब्द प्रत्यय लागायच्या आधी पाय दुमडून बसतो. घोडा-घोड्याने, भाऊ-भावाला, पाणी-पाण्याला, फुलपाखरू-फुलपाखराला. सामान्यरूप म्हणतात त्याला, शाळेत पाठ केलेलं आणि नंतर विसरलेलं. विसरलेलं म्हणजे नाव विसरलेलं, चार वर्षांचं पोरही 'घोडाने' म्हणत नाही.

मग मी गाळलेल्या जागा हा प्रकारच काढून टाकला आणि आपल्या मे महिन्याच्या सुट्टीतल्या चिठ्ठ्यांच्या खेळाकडे गेले. कोणी, कुठे, कोणाला, काय केलं. प्रत्येकाने एकेक चिठ्ठी लिहायची, घडी घालायची, मग एकत्र वाचायच्या. आम्ही घंटाळीच्या आजीच्या घरी हा खेळायचो आणि मला वाटायचं आमच्याच गल्लीत कोणीतरी शोधलाय. नंतर कळलं की १९२५ च्या सुमाराला पॅरिसमधल्या सर्रिअलिस्ट कवी-चित्रकारांनी हाच प्रकार कागदाला घड्या घालून खेळला होता आणि त्यांचं गाजलेलं वाक्य निघालं ते साधारण 'देखणं प्रेत नवी वाईन पिईल' असं. त्याचा पुढे कलाप्रकार झाला. आम्हाला आजीने झोपा आता म्हणून दिवा घालवला.

तर प्रत्यय छापूनच टाकायचे. पान 'शेजारचा कुत्रा' नाही, 'शेजारच्या कुत्र्याने'. पान 'गच्ची' नाही, 'गच्चीवर'. अर्धा प्रश्न सुटला आणि उरलेल्या अर्ध्याने माझे तीन महिने खाल्ले, तो म्हणजे क्रियापद.

त्याने आंबा चोरला, पोळी चोरली, केळं चोरलं, आंबे चोरले, केळी चोरली. ज्याने चोरलं त्याचा काही संबंध नाही, जे चोरलं त्याप्रमाणे क्रियापद बदलतं. म्हणजे खेळणाऱ्याच्या हातात 'पोळी' आणि 'चोरला' आलं की झालं, बसा आता. मी पानांच्या कोपऱ्यात रंगाचे ठिपके दिले, निळा पुल्लिंगी, लाल स्त्रीलिंगी, पिवळा नपुंसकलिंगी, ठिपक्याला ठिपका जुळला पाहिजे. डिझायनर म्हणून मला हे फार सुंदर वाटलं होतं. खेळायला बसल्यावर सहा शिकलीसवरलेली माणसं पाच पाच मिनिटं हातातली पानं कॉलेजच्या फॉर्मसारखी तपासत बसली आणि आमचा नागपूरकर म्हणाला, गेम आहे का स्कॉलरशिपची परीक्षा बे.

मग भविष्यकाळ करून बघितला. मराठीत भविष्यकाळाला लिंग नाही, तो करेल, ती करेल, ते करेल. पण काका करतील, सर करतील, म्हणजे मानपान आलाच परत. आणि खरं सांगू, मजाच नाही. 'बॉस उपवनला पापड चोरेल' यात दम नाही, ते राशिभविष्य झालं. 'चोरला' म्हटलं की गॉसिप होतं, कान टवकारतात, लोक जवळ सरकतात. हा खेळ भूतकाळातच खेळायचा, हे पक्कं होतं.

उत्तर मिळालं ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात. दोन बायका बोलत होत्या, एक सांगत होती, तिने नवऱ्याला झापलं, मग सासूला झापलं, मग त्या दोघा दिरांना झापलं, मग कामवालीलापण झापलं. मी नेहमीसारखी अर्धवट ऐकत होते आणि एकदम डोक्यात काहीतरी वाजलं. झापलं, झापलं, झापलं, झापलं. नवरा पुल्लिंगी, सासू स्त्रीलिंगी, दीर दोन, क्रियापद ढिम्म. कर्त्याला 'ने', कर्माला 'ला', की क्रियापद कोणाचंच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात मख्ख बसून राहतं. भावे प्रयोग! आठवीत दोन मार्कांसाठी 'प्रयोग ओळखा' यायचं आणि मी कायम कर्मणी लिहून यायचे तो हा भावे प्रयोग. ऐरोली गेलं, मी रबाळ्याला उतरून उलटी आले आणि ऑफिसमध्ये ट्रॅफिक होतं म्हणून सांगितलं. (ट्रेनला कसलं ट्रॅफिक, पण कोणी विचारलं नाही.)

त्या दिवशी ठिपके गेले, सगळे नियम गेले. कोणतंही पान कोणत्याही पानाशेजारी ठेवा, वाक्य शुद्ध. पण शुद्धतेपेक्षा मोठं घबाड पुढेच होतं आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते पहिल्यांदा खेळताना कळलं. आपण 'ला' सहसा जिवंत कर्माला लावतो. मी पोळी खाल्ली म्हणतो. मी पोळीला खाल्लं म्हणून बघा. पोळी ओरडलीये असं वाटतं. नुसत्या एका 'ला'ने पोळीला जीव येतो, वांग्याला मन येतं, फ्रीजला मानअपमान येतो. मी विनोद लिहायला बसले होते आणि तो सगळा त्या एका अक्षरात आधीच भरून ठेवलेला होता.

हे कळल्यावर मी आधी लिहिलेली जवळजवळ सगळी पानं फेकून दिली, कारण ती चतुर होती. 'तिसऱ्या शिट्टीला लाजणाऱ्या कुकरला' असं एक पान होतं, मला फार आवडायचं, टेस्टिंगला दर वेळी फ्लॉप. त्यात जोक आधीच करून झालेला, शेजारच्या पानाला करायला काही उरतच नाही, म्हणजे लग्नाच्या पंगतीत एकच माणूस बोलतोय आणि बाकीचे नुसते मान डोलावतायत तसं. 'पातेल्याला' मात्र दर वेळी चालायचं. नुसतं पातेल्याला. मठ्ठ, साधं, घरातलं. 'उशीला', 'जिऱ्याला', 'लिफ्टला', 'उरलेल्या भाताला'. भरलं वांगं हे त्यातल्या त्यात नटलेलं पान, पण 'भरल्या' काढून बघितलं तर मजा कमी झाली, का ते मला अजून सांगता येत नाही, 'भ'मध्येच काहीतरी असावं.

आणि जोर सगळा क्रियापदावर. मराठीत ते शेवटी येतं, म्हणजे वाचणारा 'वहिनींनी... सॅटिसवर... भरल्या वांग्याला...' असं करत करत येतो, सगळे थांबलेले असतात आणि शेवटचं पान उलटतं. नाटकात विंगेतून शेवटी कोणीतरी यावं तसं. मी आधी साठ नामं आणि बारा क्रियापदं केली होती, नेमकं उलटं करायला हवं होतं. मग पुढचा महिनाभर मी क्रियापदं गोळा करत फिरले, फोनवर नोट्समध्ये टाकायची, ठाणे ते ऐरोली तेवढंच काम. समजावलं. ओवाळलं. कडेवर घेतलं. दत्तक घेतलं. वाऱ्यावर सोडलं. पाठीशी घातलं. पोटाशी धरलं. वाटेला लावलं. धारेवर धरलं. चहाला बोलावलं. आपल्याकडचे वाक्प्रचार म्हणजे अशी तयार पानंच आहेत, फक्त कापून घ्यायची. शिवाय 'जाब विचारला', 'टोपी घातली', 'हळद लावली' यांचं कर्म पोटातच असल्याने तीही कुठेही बसतात, कोणाच्याही लिंगाशी देणंघेणं नाही. आईने स्वयंपाकघरातून एकच दिलं, 'ओळख दाखवली नाही'. तिने मान वर न करता दिलं, बहुतेक कोणीतरी डोळ्यासमोर असणार. आजवर सगळ्यात जास्त डाव त्या पानाने मारलेत.

जागांचं सोपं होतं, ठाण्यात जागांना तोटा नाही. तलावपाळीच्या बोटीत, गडकरीच्या मध्यंतरात, पारसिकच्या बोगद्यात, तीन हात नाक्याच्या सिग्नलला, घोडबंदरच्या खड्ड्यात. बाबांनी सुचवलं '१६ एप्रिल १८५३ च्या पहिल्या गाडीत', बोरीबंदरहून ठाण्याला आली तीच ती. हे पान पडलं की सगळ्या वाक्याला एकदम पाठ्यपुस्तकाचा वास येतो. 'जिमच्या ट्रेनरने १६ एप्रिल १८५३ च्या पहिल्या गाडीत उरलेल्या भाताला दत्तक घेतलं.' तारीख वाचताना आवाज आपोआप खाली येतो, ट्राय करा.

भांडणं झाली, पण ती वेगळ्याच गोष्टींवरून. 'रिक्षाला' की 'रिक्षेला'? शाळा-शाळेला, परीक्षा-परीक्षेला, मग रिक्षा-रिक्षेला, असा पुणेकर मैत्रिणीचा मुद्दा. शब्द मूळचा जपानी, त्याला कशाला वाकवता, हा माझा मुद्दा. आणि स्टँडवर उभं राहून रिक्षेला म्हणालीस तर मीटरपण टाकणार नाही, हा कळवेकराचा मुद्दा, जो कोणालाच खोडता आला नाही.

बाबांचं अजून एक सांगायचं राहिलं. बाबांची सगळी नोकरी फोर्टला, म्हणजे तीस वर्षं सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चौघांच्या मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून रमी. त्यांनी माझी लग्नपत्रिकांची पानं हातात घेतली, एकदा पिसायचा प्रयत्न केला, पानं सोफ्याखाली गेली. ती परत दिली आणि म्हणाले, वाक्यं छान आहेत, पण हा कॅट नाही, हा भेळेचा कागद आहे. पिसता आलं पाहिजे. पान हाताला कळलं पाहिजे.

म्हणून छापायचं ठरलं. पत्त्याच्या मापाचं, म्हणजे अडीच बाय साडेतीन इंच, मोजकीच पानं करायची तर कटिंगचा खर्च अंगावर येतो. पण व्हिजिटिंग कार्ड साडेतीन बाय दोन इंच, ते प्रत्येक डिजिटल प्रिंटवाल्याकडे रोजच निघतं, बारा-अठराच्या एका शीटवर चोवीस बसतात. पाच शीट म्हणजे एकशेवीस पानं. चोवीस 'कोणी', चोवीस 'कुठे', चोवीस 'कोणाला' आणि दोन शीट भरून अठ्ठेचाळीस क्रियापदं. तीनशे जीएसएमचा कागद, वर मॅट लॅमिनेशन, ग्लॉसी केलं तर ट्यूबलाईटमध्ये चमकतं आणि समोरच्याला पान दिसतं. फॉन्ट मुक्ता घेतला, वाचायला मोकळा आहे.

स्टेशनजवळच्या एका दुकानात फाईल दिली. त्या मुलाने ती स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, मजकूर तिकडे पेस्ट केला, आणि मराठी टाईप करणाऱ्या कोणालाही पुढचं सांगायची गरज नाही. काही अनुस्वार गळाले, काही वेलांट्या दुसऱ्याच अक्षराला जाऊन चिकटल्या, आणि आपला तो आडवा अर्धा र, वाऱ्यातला, सुऱ्यातला, तो सगळीकडे डोक्यावरचा रफार झाला. 'वार्यावर सोडलं'. मी काउंटरवर उभी राहून रडकुंडीला आले होते. बरीचशी पानं परत काढून घेतली, ते लोकपण चांगले होते, चहा पाजला. पण एक पान माझ्या नजरेतून निसटलं ते घरी आल्यावर दिसलं. मी लिहिलं होतं 'लग्नातल्या आचाऱ्याने'. छापून आलं 'लग्नातल्या आचार्याने'. म्हणजे जिलेबी तळणाऱ्या माणसाचे एका रेघेने गुरुदेव झाले. 'लग्नातल्या आचार्याने तलावपाळीच्या बोटीत जिऱ्याला पोटाशी धरलं.' ते पान मी बदललं नाही, बदलू दिलंही नसतं कोणी.

नियम फार नाहीत. 'कुठे'चं एक पान मधे उघडं, सगळ्यांना तेच. प्रत्येकाच्या हातात दोन 'कोणी', दोन 'कोणाला', तीन क्रियापदं. एकेकाने वाक्य लावायचं, उजवीकडच्याने ते बातमीसारखं वाचायचं (स्वतःचं स्वतः वाचलं तर माणूस आधीच हसायला लागतो आणि सगळं वाया जातं), मग प्रत्येकाने आवडलेल्या वाक्यापुढे एक शेंगदाणा ठेवायचा. शेंगदाणे हेच मार्क. आमच्यात एकजण जिंकत आला की बोलता बोलता स्वतःचे मार्क खातो, त्यामुळे शेवटी कोण जिंकलं हे आजवर कधी नीट कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी सुरुवातीला फार सहज केली होती. 'कोणी'च्या पानांत आमच्या आमच्यातली माणसं घातली होती. नावं नाही, पण ओळखीची. नागपूरकराच्या जिमचा ट्रेनर, माझा बॉस, पुणेकर मैत्रिणीची पीजीवाली मालकीण. आणि 'सोसायटीच्या सेक्रेटरीने', हे कळवेकराचे वडील. अठरा वर्षं त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते काका, गच्चीचं लीकेज, टाकीचा व्हॉल्व्ह, पार्किंग, दर पावसाळ्यात छत्री घेऊन गच्चीवर उभे. आम्ही लहानपणी त्यांच्या गच्चीवर पतंग उडवायला गेलो की पाठीमागून आवाज यायचा, डांबर फुटेल, हळू! ते पान आलं की कळवेकर सगळ्यात मोठ्याने हसायचा, वडिलांना घरी जाऊन वाक्यं सांगायचा, ते म्हणायचे, मेंटेनन्स भरा आधी.

काका जानेवारीत गेले. तसे अचानकच.

आम्ही परत बसलो ते जूनमध्ये, वाघबीळलाच. मी निघायच्या आधी घरी कॅट चाळला आणि ते पान काढून टेबलाच्या खणात ठेवलं. कोणाला काही बोलले नाही. तीनचार डाव झाले, हसणं नेहमीपेक्षा थोडं कमीच होतं, आणि कळवेकर पिसता पिसता थांबला. पानं मोजली त्याने. तेवीस 'कोणी' आहेत, बाबांचं पान कुठंय?

मी म्हटलं, घरी राहिलं. त्याने माझ्याकडे बघितलं फक्त. मग पुढच्या शनिवारी मी ते आणलं, गुपचूप मधे सरकवलं, आणि वाटलेल्या पानांत ते त्याच्याच हातात गेलं. मधलं पान 'गच्चीवर' होतं. हे मी ठरवून केलं असं पुणेकर मैत्रीण अजून म्हणते, पण शपथ, नाही. त्याने बराच वेळ लावला. मग वाघबीळवालीकडे पेन मागितलं, पानावर काहीतरी खरडलं आणि चार पानं मांडली.

उजवीकडे मीच होते, वाचायची पाळी माझी. 'सेक्रेटरीने'मधला 'ने' खोडून त्याने वर 'नी' केला होता आणि 'री'वर एक अनुस्वार दिला होता, मॅट लॅमिनेशनवर शाई नीट धरत नाही म्हणून दोनदा गिरवलेला. बाकी काही बदलायला लागलं नव्हतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर पावसाला धारेवर धरलं.

बातम्यांचा आवाज मला काही जमला नाही, पण परातीतले शेंगदाणे एकाने सगळेच्या सगळे त्याच्या पुढे ओतले आणि तो ते खायला लागला.